दागिने दान करायचेत? पार्सल चिकटवण्याआधी हे वाचा

न वापरलेले दागिने एखाद्या संस्थेला पोस्टाने पाठवायचे म्हणून विचारायला आमच्या दुकानात बरेच ग्राहक येतात. हे पत्रक त्यांच्यासाठी आहे. आमचं मत आधीच सांगून टाकतो: खोटे दागिने पार्सलने खुशाल पाठवा, पण खऱ्या सोन्याची मोड करा आणि संस्थेला पैसे द्या.

असं म्हणण्याला दोन कारणं आहेत. बहुतेक खाजगी कुरिअरवाले सोनं घेतच नाहीत. न सांगता पाठवलं आणि गहाळ झालं, तर भरपाई विसरा. दुसरं कारण आयकराचं. देणगीवरची वजावट, म्हणजे आपली ८०जी, फक्त पैशाच्या देणगीला मिळते, वस्तूला नाही. रोख दिलेत तर २,००० रुपयांच्या वर तीही नाही, म्हणून चेक किंवा बँकेतूनच द्या. नवी करप्रणाली घेतली असेल तर ही वजावट मुळातच नाही.

खरं कुठलं, खोटं कुठलं

घरी चुंबक लावून पाहतात. चिकटलं तर तो भाग सोन्याचा नाही, हे नक्की. मात्र फाशातली बारीक स्प्रिंग स्टीलची असू शकते. तेवढीच चिकटली म्हणून अख्खी चेन बाद करू नका. उलट, चिकटलं नाही म्हणून सोनं, असंही नाही. तांबं-पितळही चुंबकाला चिकटत नाही आणि एक ग्रॅमचे दागिने त्याचेच असतात.

भिंग घ्या आणि छाप शोधा. २२ कॅरेटवर ९१६, १८ कॅरेटवर ७५०. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या नव्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक, म्हणजे एचयूआयडी, असतो. तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की दागिन्याची नोंद दिसते. आजीच्या पाटलीवर कसलाच छाप नसेल, म्हणून ती खोटी ठरत नाही. ती कसाला लावूनच कळेल.

सगळ्यात जास्त नुकसान मिश्र दागिन्यांत होतं. पोत बेंटेक्सची, पण वाट्या सोन्याच्या. कानातलं खोटं, पण मागची फिरकी जुन्या सोन्याच्या कुडीची. नथीचे मोती नकली, पण तार सोन्याची. वाटी उलटी करून आतली बाजू बघा. मुलामा असेल तर कडेला, घासल्या जागी, लालसर तांबं डोकावतं. सोन्याची असेल तर झिजलेल्या कडेचाही रंग तोच राहतो. शंका असेल तर पार्सलमध्ये टाकू नका, आमच्याकडे घेऊन या. वजन आणि कस तपासून देण्याचे आम्ही पैसे घेत नाही.

मोड करताना

बोरमाळेसारख्या दागिन्यात मणी पोकळ असून आत लाख भरलेली असते. काट्यावर दिसलेलं वजन सगळं सोन्याचं नसतं, आटवल्यावर लाख जळून जाते. तेव्हा आटणी समोर उभं राहून बघा आणि आधीचं व नंतरचं, दोन्ही वजनं पावतीवर लिहून घ्या. कॅरेट मशीन फक्त वरचा थर वाचतं, त्यामुळे जाड मुलाम्याच्या वस्तूवर आकडा फसवा येतो. घडणावळ परत मिळत नाही, हे गृहीत धरा. आणि जुन्या माणसांचा तोळा ११.६६ ग्रॅमचा, आजच्या बाजाराचा १० ग्रॅमचा. घरच्या वहीत ‘दोन तोळे’ लिहिलेलं असेल तर काट्यावर २३ ग्रॅमच्या पुढेच वजन अपेक्षित आहे. विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागू शकतो, तो हिशेब सीएंना दाखवा.

मंगळसूत्र मोडीत घालायला मन धजत नसेल तर वाट्या सोडवून तुम्हाला परत देतो. आणि सासूबाईंचा साज असेल तर आधी त्यांना विचारा. दान झाल्यावर परत मागता येत नाही.

खोट्या दागिन्यांचं पार्सल

आधी संस्थेला फोन करा. काही ठिकाणी वापरलेली मंगळसूत्रं आणि जोडवी घेत नाहीत, काहींना सुटे मणीसुद्धा हस्तकलेच्या वर्गासाठी हवे असतात. हौशी नाट्यसंस्था आणि स्नेहसंमेलनं करणाऱ्या शाळा ठुशी, बाजूबंद, कंबरपट्टे आनंदाने घेतात. ट्रस्टची नोंदणी वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयाची आहे की दुसऱ्या जिल्ह्यातली, तेही विचारून ठेवा.

चेन गुंतल्या की त्या निम्म्या कचऱ्यातच जातात. प्रत्येक चेन कागदी स्ट्रॉमधून ओवून फासा लावा. कानातल्यांच्या जोड्या जाड पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यात बसवा, मागून फिरकी घट्ट करा. अमेरिकन डायमंडचे खडे बहुधा गोंदाने चिकटवलेले असतात. ते पार्सलमध्ये घासून निखळतात, म्हणून प्रत्येक नग वेगळ्या झिपच्या पिशवीत ठेवा. म्हणजे निखळलेला खडा त्याच पिशवीत सापडतो. काचेच्या बांगड्या पाठवू नका. लाखेच्या बांगड्या उन्हाळ्यात मऊ पडतात. कानातल्याची तार स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, पण मोत्याला स्पिरिट लावू नका, त्याचं पाणी जातं.

नुसतं कागदी पाकीट नको. आतल्या फुगीर भागावर कागद घासून फाटतो आणि एखादं कानातलं वाटेतच राहतं. लहान कोरूगेटेड खोका घ्या, आत काही हलणार नाही इतका कागद भरा. जून ते सप्टेंबर खोक्याभोवती प्लास्टिकची पिशवी हवीच. आत यादी आणि दोन्ही पत्ते लिहिलेला कागद ठेवा. बाहेरचं लेबल भिजून पुसलं तरी पार्सल पोचतं. खोक्यावर ‘दागिने’ असं मोठ्या अक्षरात लिहू नका, पण काउंटरवर विचारलं तर खरं सांगा: इमिटेशन ज्वेलरी, दानासाठी, किंमत इतकी.

१ सप्टेंबर २०२५ पासून पोस्टाची रजिस्टर्ड सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे, तेव्हा ‘रजिस्टर करा’ म्हणण्याऐवजी स्पीड पोस्ट मागा. ओटीपी घेऊन पार्सल देण्याची सोय निवडलीत तर संस्थेचा मोबाइल नंबर द्या. लँडलाइन दिली की ओटीपी जाणार कुठे? पावतीवरचा १३ अक्षर-अंकांचा नंबर संस्थेला कळवा.

खोका फाटलेला किंवा उघडून पुन्हा चिकटवलेला दिसला, तर सही करण्याआधी पोस्टमनसमोरच त्याचा फोटो काढून ठेवा आणि तशी नोंद करून घ्या, हेही संस्थेला फोनवर सांगा. पाठवण्याआधी काढलेला फोटो आणि यादीची दुसरी प्रत तोवर तुमच्याकडे असू द्या. तक्रार करायची वेळ आली तर पोस्ट हेच मागेल.