पशुपालकांचे पणनविषयक मतदान

पशुपालकांचे पणनविषयक मतदान : जनावरे, मांस व लोकर यांची विक्री कोणत्या व्यवस्थेने व्हावी आणि त्या व्यवस्थेसाठी प्रत्येक विक्रेत्याकडून सक्तीचा उपकर घ्यावा की नाही, हे ठरवण्यासाठी उत्पादकांचाच कौल घेण्याची कायदेशीर पद्धत. सहकारी संस्थेतील मतदानाहून ती मुळातच वेगळी आहे. संस्थेचे सभासद व्हावे की नाही हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर असते. येथे मात्र बहुमताचा निर्णय विरोधात मत देणाऱ्यावर आणि मतदान न करणाऱ्यावरही बंधनकारक होतो. मांसाच्या जाहिरातीचा किंवा नियंत्रित दराचा लाभ पैसे न देणाऱ्यालाही मिळतो, त्यामुळे ऐच्छिक वर्गणी टिकत नाही. म्हणून सक्ती येते, आणि सक्तीला संमतीचा आधार हवा म्हणून मतदान येते.

ब्रिटनमध्ये 1931 च्या कृषी पणन कायद्याने या पद्धतीला नेमके रूप दिले. उत्पादकांनी योजना आखावी, संसदेने ती मान्य करावी आणि मग नोंदणीकृत उत्पादकांनी तिच्यावर मतदान करावे, असा तो क्रम होता. मतदारांच्या संख्येने दोन तृतीयांश आणि त्यांच्या उत्पादनक्षमतेनेही दोन तृतीयांश, असे दुहेरी बहुमत लागे. 1933 मध्ये डुकरे, बेकन (डुकराचे खारवलेले मांस) व दूध यांच्या योजना याच मार्गाने अमलात आल्या.

अमेरिकेतील गोमांस उत्पादकांनी असा उपकर सुरुवातीला नाकारला होता. 1976 च्या कायद्यानुसार 1977 मध्ये झालेल्या मतदानात निम्म्याहून अधिक मते बाजूने पडली, पण दोन तृतीयांशांची अट पूर्ण झाली नाही. अट साध्या बहुमतावर आणून 1980 मध्ये पुन्हा कौल घेतला, तेव्हा प्रस्ताव सपशेल पडला. 1985 च्या कायद्याने मग क्रमच उलटा केला. आधी वसुली सुरू झाली आणि मतदान नंतर, मे 1988 मध्ये झाले; त्यात सुमारे 79 टक्के मते बाजूने पडली. चालू असलेली व्यवस्था मोडायची का, हा प्रश्न नवी व्यवस्था आणायची का या प्रश्नाहून मतदाराला निराळा वाटतो, हे या तीन निकालांवरून दिसते. हा उपकर दर जनावरामागे एक डॉलर असून तो दर विक्रीला लागतो. वासरू एकाने वाढवून विकले, दुसऱ्याने चारून विकले आणि शेवटी ते कत्तलखान्याला गेले, तर प्रत्येक वेळी खरेदीदार विक्रेत्याच्या पैशांतून एक डॉलर कापून घेतो. भाकड गाय विकणारा दुग्धव्यावसायिकही त्यातून सुटत नाही.

सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील वराहपालकांचे आहे. 1988 मध्ये त्यांनी उपकराला मोठ्या बहुमताने मान्यता दिली होती. डिसेंबर 1998 मध्ये डुकरांचे भाव इतके कोसळले की जनावराला घातलेल्या खाद्याचा खर्चही भरून निघेना. तरी विक्रीच्या दर शंभर डॉलरमागे 45 सेंट कापले जातच होते. लहान उत्पादकांनी सह्यांची मोहीम उघडली आणि 2000 मध्ये मतदान झाले. 15,951 मते उपकर बंद करण्याच्या बाजूने, तर 14,396 मते तो चालू ठेवण्याच्या बाजूने पडली. जानेवारी 2001 मध्ये कृषिमंत्री डॅन ग्लिकमन यांनी उपकर संपुष्टात येईल असे जाहीर केले. मतदानाच्या मागणीवर 15 टक्के उत्पादकांच्या सह्या हव्यात ही कायद्यातील अट पूर्ण न होताच मतदान लावले गेले, असा आक्षेप घेऊन उपकराच्या समर्थक संघटना न्यायालयात गेल्या. फेब्रुवारीअखेर नव्या मंत्री ॲन व्हेनमन यांनी त्यांच्याशी तडजोड केली आणि उपकर कायम राहिला. आक्षेपात कायद्याचा मुद्दा होता हे मान्य केले, तरी मतपत्रिका मोजून झाल्यावर निकाल बाजूला ठेवणे हा मत देणाऱ्यांवरचा अन्यायच होता. पुढे 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोमांस उपकरातून होणारा प्रचार हा सरकारचाच प्रचार असल्याने त्यासाठी सक्तीने उपकर घेणे संविधानातील अभिव्यक्तिस्वातंत्र्याशी विसंगत नाही, असा निर्णय 6 विरुद्ध 3 मतांनी दिला.

मत कसे मोजावे हा वाद या पद्धतीत कायमचा आहे. 2000 च्या त्या मतदानात वर्षभरात एक डुक्कर विकणाऱ्याला आणि हजारो विकणाऱ्याला सारखेच एक मत होते. ऑस्ट्रेलियात लोकरीच्या उपकरावर उत्पादक दर तीन वर्षांनी कौल देतात. तेथे ज्याने उपकर अधिक भरला त्याची मते अधिक धरतात. पैसा ज्याचा त्याचा शब्द मोठा, हे सूत्र हिशेबाला धरून आहे. पण थोडी जनावरे असलेल्या घराची उपजीविका त्यात मोजली जात नाही. न्यूझीलंडच्या 1990 च्या कायद्याने ब्रिटनसारखीच दुहेरी कसोटी ठेवली. तेथे उत्पादकांच्या संख्येने आणि उत्पादनाच्या प्रमाणानेही बहुमत लागते, शिवाय उपकराला मुदत असल्याने तो चालू ठेवायचा तर पुन्हा मतदान घ्यावे लागते. 2009 मध्ये तेथील पशुपालकांनी मेंढ्या व गोमांस यांवरील उपकर मान्य केला आणि लोकरीवरील नाकारला. निकाल पाळला गेला. ‘मीट अँड वूल न्यूझीलंड’ या संस्थेने लोकरीचे काम सोडले, आणि 2010 पासून ती ‘बीफ अँड लॅम्ब न्यूझीलंड’ या नावाने ओळखली जाऊ लागली.