भट्टीत कोळसा कोण टाकतं? व्हिडिओ गेममधल्या स्टीमपंकची पार्श्वभूमी

'फ्रॉस्टपंक' हा गेम सुरू होऊन फार वेळ झालेला नसतो, तोच कायद्यांचं पुस्तक समोर येतं. चहूकडे बर्फ, मधोमध कोळशावर चालणारा अवाढव्य जनरेटर आणि त्याच्या उबेला जमलेली जेमतेम ८० माणसं. त्यांत १५ मुलं. मुलांना कामावर पाठवायचं की त्यांच्यासाठी निवारा बांधायचा, हे खेळाडूनं ठरवायचं असतं. कोळसा कमी पडत असतो, हात त्याहून कमी. पुढे पाळी लांबवायचा कायदा येतो, सलग २४ तासांच्या पाळीचा येतो, जेवणात लाकडाचा भुसा मिसळायचाही येतो. काळ १८८६ चा, पण कधी घडलाच नाही अशा इतिहासातला. वॉर्साच्या ११ बिट स्टुडिओजनं तो २०१८ मध्ये आणला.

स्टीमपंक म्हणजे वाफेच्या यंत्रांवर चालणारी कल्पित जगं रचणारी शैली. पितळी चष्मे, टोपीवर चिकटवलेली दातेरी चाकं, ढगांतून जाणारी हवाई जहाजं ही तिची ओळख होऊन बसली आहे. मला मात्र ही शैली आवडते ती तिच्या पोटातल्या एका साध्या प्रश्नासाठी: वाफ तर दिसली, पण भट्टीत कोळसा कोण टाकतंय? गेमपर्यंत हा प्रश्न कसा पोचला, ते पाहण्यासारखं आहे.

शब्द तसा अलीकडचा. एप्रिल १९८७ मध्ये अमेरिकी लेखक के. डब्ल्यू. जेटर यांचं एक पत्र 'लोकस' या विज्ञानकथांना वाहिलेल्या मासिकात छापून आलं. ते स्वतः, टिम पॉवर्स आणि जेम्स ब्लेलॉक व्हिक्टोरिया राणीच्या काळात घडणाऱ्या ज्या अद्भुतकथा लिहीत होते, त्यांना एखादं सामायिक नाव असावं, असं त्यांनी त्यात सुचवलं. तेव्हा 'सायबरपंक'ची, म्हणजे संगणकांनी व्यापलेल्या भविष्यातल्या विज्ञानकथांची चलती होती. त्याच चालीवर त्यांनी हा शब्द जुळवला.

कल्पना मात्र त्याआधी शंभर वर्षांची, आणि तिची एक वाट थेट आपल्याकडून जाते. फ्रेंच कादंबरीकार ज्यूल व्हर्नचा पाणबुडीवाला कॅप्टन नेमो हा बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर, १८५७ चा उठाव फसल्यावर समुद्राच्या पोटात गेलेला. त्याहून विलक्षण आहे व्हर्नची १८८० मधली एक कादंबरी. तिच्यात वाफेवर चालणारा पोलादी हत्ती चाकांवरची दोन घरं ओढत हिंदुस्थानभर फिरतो. कथा उघडते ती औरंगाबादेत, नानासाहेब पेशव्यांना पकडून देणाऱ्याला २००० पौंडांचं बक्षीस लावणाऱ्या सरकारी नोटिशीनं. हत्तीवर स्वार साहेब, रस्ता आपला, आणि खलनायक नानासाहेब. स्टीमपंकच्या स्वप्नातलं यंत्र कुणाच्या मालकीचं असतं, हे इतकं उघड क्वचितच दिसतं.

दुसरा धागा इंग्रज गणितज्ञ चार्ल्स बॅबेज यांच्या हिशेबयंत्राचा. ब्रिटिश सरकारनं या 'डिफरन्स इंजिन'वर सुमारे १७,००० पौंड खर्चले आणि १८४२ मध्ये हात आखडता घेतला. यंत्र अपुरंच राहिलं. बॅबेज यांनी पुढे काढलेल्या सुधारित आराखड्यावरून लंडनच्या सायन्स म्युझियमनं १९९१ मध्ये यंत्र उभारलं, तेव्हा ते बिनचूक चाललं. ते तेव्हाच चाललं असतं तर? या कल्पनेवर विज्ञानकथाकार विल्यम गिब्सन आणि ब्रूस स्टर्लिंग यांनी १९९० मध्ये कादंबरी लिहिली, आणि तिच्यापासून स्फूर्ती घेऊन लंडनच्या बिटमॅप ब्रदर्सनी १९९३ मध्ये 'द केऑस इंजिन' हा गेम काढला.

त्याच वर्षी 'मिस्ट' हा गेम आला. त्याला कुणी स्टीमपंक म्हणो न म्हणो, या शैलीचं आणि गेमचं सूत का जुळलं ते तिथे कळतं. बेटावर एक लाकडी खोपट आहे, आत बॉयलर. तिजोरीतून काडेपेटी काढायची, बर्नर पेटवायचा, चाक फिरवत दाब वाढवायचा, की बाहेरचा झाडाचा बुंधा लिफ्टसारखा वर जातो. चिपच्या आत काय चाललंय ते डोळ्यांना दिसत नाही. चाक, दट्ट्या आणि नळ्यांचं काम मात्र समोर घडतं, आणि हातानं केलेल्या गोष्टीचा परिणाम लगेच कळतो. गेमला नेमकं हेच हवं असतं.

जपानमध्ये हयाओ मियाझाकी यांच्या १९८६ च्या चित्रपटातला आकाशातला किल्ला आणि हवाई जहाजं लोकांच्या मनात घर करून होती. १९९४ च्या 'फायनल फँटसी ६'मध्ये जादू लोप पावून हजार वर्षं झाली आहेत. लोखंड, बारूद आणि वाफेच्या इंजिनांनी तिची जागा घेतली आहे. सुरुवातीलाच तीन चिलखती यंत्रं बर्फ तुडवत एका खाणींच्या गावाकडे निघतात. ज्या साम्राज्याकडे यंत्र, तेच जादूही ओरबाडायला निघालेलं असतं.

ट्रॉइका गेम्सचा 'आर्केनम' (२००१) मला या सगळ्यांत जास्त जवळचा. एल्फ, ऑर्क अशा परीकथेतल्या जमातींच्या जगात औद्योगिक क्रांती झाली तर काय होईल, हे त्यात नेटानं मांडलं आहे. मंत्र आणि यंत्र एकमेकांना बाधतात, इतके की तंत्राकडे झुकलेल्या पात्रावर जखमा भरणारा मंत्रही धड लागू पडत नाही. टॅरंट शहरातले कारखाने ऑर्क मजुरांच्या घामावर चालतात, आणि त्यांचा पुढारी डॉन थ्रॉग बंड करून उठतो. तेव्हा कुणाची बाजू घ्यायची, हे खेळाडूवर सोडलेलं आहे. गेम त्रुटींनी भरलेला होता, लढाया कंटाळवाण्या होत्या. तरी त्या कारखान्यातला प्रसंग विसरता येत नाही.

बेन्वा सोकाल यांच्या 'सायबेरिया' (२००२) या गेममध्ये सूर हळवा. कोळसाच नाही, आगगाडी किल्लीवर चालते आणि मुक्काम आला की तिला पुन्हा किल्ली द्यावी लागते. त्यानंतरची काही वर्षं शैलीचा नुसता साज उरला. दातेरी चाकं शोभेला आली, त्यांच्यापुढे काही फिरेना.

'डिसऑनर्ड'नं (२०१२) इंधनच बदललं. व्हिक्टर अँटोनोव्ह यांच्या कल्पनेतून उतरलेलं डनवॉल शहर देवमाशाच्या तेलावर चालतं. निळसर चमकणाऱ्या टाक्या सगळीकडे दिसतात. पुढच्या वर्षी आलेल्या जोडभागात खेळाडू कत्तलखान्यात शिरतो. तिथे तो महाकाय जीव टांगलेला आहे, अजून जिवंत. निळा प्रकाश त्यानंतर पहिल्यासारखा सुंदर दिसत नाही.

वसाहतींच्या बाजूनं पाहणारा गेम यायला २०१४ उजाडलं. मेग जयंत यांनी लिहिलेल्या '८० डेज'मध्ये व्हर्नचीच पृथ्वीप्रदक्षिणा आहे, पण साहेबाच्या नोकराच्या नजरेतून सांगितलेली. वाटेत भेटणाऱ्या माणसांकडे स्वतःची यंत्रं आणि स्वतःची मतं असतात. ती कुणाच्या प्रवासाची नेपथ्यरचना नसतात. पोलादी हत्तीच्या कादंबरीला इतक्या वर्षांनी मिळालेलं हे उत्तर आहे, असं मी मानतो.

'फ्रॉस्टपंक'मधली मुलंही हवेतून आलेली नाहीत. दहा वर्षांखालच्या मुलांना खाणीत उतरवायला ब्रिटनमध्ये बंदी आली ती १८४२ मध्ये, म्हणजे बॅबेज यांच्या यंत्राचे पैसे थांबले त्याच वर्षी. २०२४ च्या 'फ्रॉस्टपंक २'मध्ये तीस वर्षं उलटली आहेत आणि शहर आता तेलाच्या शोधात आहे. मुख्य म्हणजे एकट्या खेळाडूची सही पुरत नाही. कायदा शंभर प्रतिनिधींच्या सभेत मताला टाकावा लागतो, आणि तो पडूही शकतो.