लघवीची नळी घेताना नंबर कसा ठरतो

‘नळीच्या बाजूने लघवी गळते, एक नंबर मोठी द्या.’ ही मागणी आमच्या दुकानात नेहमी येते आणि बहुतेक वेळा ती पुरी करायला आम्ही कचरतो. गळती नळी बारीक असल्यामुळे होते असं वाटणं साहजिक आहे. पण खरं कारण अनेकदा वेगळं असतं: नळीला पीळ पडलेला असतो, आत गाळ साचलेला असतो, पोट साफ नसतं, किंवा नळीच्या त्रासाने मूत्राशय आवळत असतं. जाड नळीने हा त्रास वाढतो आणि मूत्रमार्गाला इजाही होऊ शकते. लघवी नीट वाहील अशी सगळ्यात बारीक नळी हीच योग्य नळी.

नंबर म्हणजे नळीची बाहेरची जाडी. त्याला तीनने भागलं की मिलिमीटर मिळतात. १२ नंबरची नळी ४ मिलिमीटर, १८ची ६. शरीराबाहेर राहणाऱ्या टोकाजवळचा रंगही नंबर सांगतो: १२ पांढरा, १४ हिरवा, १६ केशरी, १८ लाल.

मोठ्या बायकांना साधारण १२ किंवा १४, पुरुषांना १४ किंवा १६ पुरते. २०च्या पुढच्या नळ्या लघवीत रक्ताच्या गुठळ्या येत असतील तेव्हा डॉक्टर वापरतात. घरी नेण्यासाठी त्या मागू नका. वय झालं म्हणून नंबर वाढत नाही.

मुलांचं मात्र तसं नाही. तान्ह्या बाळाला ५ किंवा ६, वर्ष-दोन वर्षांच्या मुलाला ६ ते ८, शाळकरी वयात ८ ते १०, बारा वर्षांच्या आसपास १० ते १२. हे अंदाजी आकडे आहेत. एकाच वयाची दोन मुलं अंगाने किती वेगळी असतात हे तुम्ही जाणताच, म्हणून मुलांची नळी आम्ही डॉक्टरांची चिठ्ठी पाहूनच देतो.

लांबीकडेही लक्ष द्या. बायकांसाठीची आखूड नळी पुरुषाला कधीही घालू नये. नळी आत टिकून राहावी म्हणून तिच्या आतल्या टोकाशी पाण्याने भरायचा फुगा असतो. तो मूत्राशयात पोहोचण्याआधी वाटेतच फुगतो आणि मूत्रमार्ग फाटू शकतो. फुगा किती मिलिलिटरचा, हे शेपटीवर, म्हणजे नळीच्या बाहेर राहणाऱ्या टोकावर, छापलेलं असतं. मुलांचा ३ ते ५, मोठ्यांचा बहुधा १०. त्यात निर्जंतुक पाणीच भरायचं. सलाईनचे खडे होऊन फुगा रिकामा न होण्याची भीती असते.

रबराची अॅलर्जी असेल तर आधी सांगा, सिलिकॉनची देऊ. नळी जास्त दिवस ठेवायची असेल तरी सिलिकॉनच विचारा. तिची भिंत पातळ असल्याने त्याच नंबरात आतली वाट मोठी मिळते.

येताना जुन्या नळीचं पाकीट आणा. पाकीट फेकलं असेल तर शेपटीवरच्या आकड्यांचा फोटो चालेल. पण लघवी पूर्ण थांबली असेल, ओटीपोट दुखत असेल किंवा ताप असेल, तर दुकानात न येता तडक डॉक्टरांकडे जा.