रुईच्या फुलातला चिमटा

घोडबंदर रस्त्यालगतच्या आमच्या गृहसंकुलात यंदा फुलपाखरांसाठी बाग करायचे ठरले आणि तिची सुरुवात कुंपणाशी आपोआप वाढलेली रुईची तीन झुडपे मुळासकट उपटून झाली. त्यांच्या जागी शोभेची परदेशी रोपे आली असून त्यांना रोज टँकरचे पाणी घालावे लागते. ठाण्यात वर्षाला २५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडत असला, तरी तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात पडतो. पुढचे आठ महिने जमीन कोरडीच राहते. त्या काळात, एप्रिल-मेच्या रखरखाटातही, पाण्यावाचून फुलणाऱ्या आणि कीटकांना मध पुरवणाऱ्या मोजक्या देशी झाडांत रुई आहे. खोल गेलेले सोटमूळ आणि पानांवरचा पांढुरका मेणचट थर तिला तगवून धरतात.

मला मात्र सर्वांत जास्त ओढ आहे ती तिच्या फुलाच्या रचनेची. भिंगातून पाहिले तर पाच जाड, जांभळट पाकळ्यांच्या मधोमध मुकुटासारखा पाच कंगोऱ्यांचा स्तंभ दिसतो. शाळेत शिकलेले पुंकेसर आणि स्त्रीकेसर येथे वेगवेगळे सापडत नाहीत, कारण परागकोश कुक्षीच्या, म्हणजे स्त्रीकेसराच्या टोकाच्या, पंचकोनी माथ्याला चिकटून सगळ्यांचा मिळून एकच अवयव झालेला असतो. शेजारशेजारच्या दोन परागकोशांच्या मध्ये एक उभी, अरुंद फट असते आणि तिच्या वरच्या टोकाला एक काळपट ठिपका. सुईच्या टोकाने तो ठिपका हलकेच वर उचलला की त्याला लटकलेल्या दोन चपट्या, पिवळ्या पिशव्या बाहेर येतात. हेच परागपुंज होत. काळा ठिपका हा चिमटा, त्याच्या दोन बाजूंना दोन बारीक दांड्या आणि प्रत्येक दांडीला एक पुंज. शिवाय हे दोन पुंज एकाच परागकोशातले नसतात, तर शेजारच्या दोन परागकोशांनी दिलेले एकेक असतात. अशा पाच जोड्या, म्हणजे दहा पुंज, प्रत्येक फुलात असतात.

मधासाठी आलेल्या काळ्या सुतार भुंग्याचा पाय फटीत घसरतो. तो वर ओढताना फटीच्या कडा त्याला नेमक्या चिमट्याच्या खाचेत नेतात आणि चिमटा पायाला घट्ट बसतो. भुंगा अंगाने दणकट असल्यामुळे हिसका देऊन पुंजांसह सुटतो. दुबळे कीटक कधीकधी तेथेच अडकून मरतात. बाहेरच्या हवेत दांड्या सुकतात, पिळवटतात आणि त्यामुळे पुंजांची दिशा बदलते. पुढच्या फुलावर पाय पुन्हा फटीत गेला की पुंज आत शिरून अडकतो, दांडी तुटते, आणि आतल्या परागकणांच्या नलिका अंडाशयाकडे वाढू लागतात. एका पुंजात शेकडो परागकण एकत्र बांधलेले असल्यामुळे एक पुंज नेमक्या जागी पोचला तरी बोंड बियांनी भरू शकते. म्हणूनच फुलांनी लगडलेल्या झुडपावर बोंडे थोडी, पण भरगच्च दिसतात. लहानपणी आपण वाऱ्यावर धरायला धावायचो त्या ‘म्हाताऱ्या’ याच बोंडांतून सुटतात.

पराग असे पुंजांत बांधण्याची रीत मुख्यतः ऑर्किडमध्ये आणि रुईच्या गोतावळ्यात आढळते. रॉबर्ट ब्राऊन या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १८३१ साली या दोन्ही गटांच्या परागणावर निबंध वाचला, आणि पेशीतल्या केंद्रकाला ‘न्यूक्लियस’ हे नाव त्याने त्याच निबंधात दिले. रुईच्या प्रजातीचे कॅलोट्रोपिस हे नावही त्याचेच.

एवढे विलक्षण फूल असलेल्या झाडाची आपल्याकडे चर्चा होते ती पांढऱ्या रुईच्या मुळाने धनलाभ होतो म्हणून, किंवा तिसरे लग्न करणाऱ्या पुरुषाने आधी रुईशी लग्न लावावे म्हणून. फुलाचा पांढरा रंग हा केवळ रंगभेद आहे. त्या मुळाचे गणपती करून महागात विकणे ही श्रद्धाळू माणसाची सरळ फसवणूक आहे.

लागवड सोपी आहे. मे महिन्यात बी जागच्या जागी पेरावे, कारण सोटमूळ एकदा खोल गेले की रोप हलवणे सोसत नाही. जुनी, पक्की झालेली फांदी लावली तरी ती मूळ धरते. चीक सुकू द्यावा आणि मग ती भुसभुशीत मातीत खोचावी. पूर्ण ऊन हवे, आणि ठाण्याच्या पावसाळ्यात बुडाशी पाणी साचू देऊ नये. चीक डोळ्यात गेल्यास बुबुळाला गंभीर इजा होऊ शकते, म्हणून छाटताना हातमोजे आणि चष्मा वापरावा, आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून झुडूप दूर ठेवावे.

पानांवर काळ्या, पांढऱ्या आणि पिवळ्या पट्ट्यांची अळी दिसली तर फवारणी करू नये. ती ‘बिबळ्या कडवा’ या फुलपाखराची अळी असते आणि रुईची पाने हे तिचे आवडते खाद्य आहे. भुंग्यांसाठी जवळच एखादा वाळका ओंडका किंवा जाड बांबू पडू द्यावा. सुतार भुंग्याची मादी त्यातच भोक पाडून अंडी घालते.