नॉट आणि सागरी मैल: ‘ताशी १६ नॉट’ कुठे चुकतं?

मुंबईहून संध्याकाळी लक्षद्वीपला निघालेल्या क्रूझचा दुसरा दिवस सगळा समुद्रातच जातो. बंदर नाही, उतरायची घाई नाही. माणसं डेकवर निवांत पडलेली असतात. जहाजाच्या वेगाच्या आकड्यावर नजर गेली की कुणीतरी म्हणतंच, “ताशी १६ नॉटने चाललोय.” बातम्यांतही असं छापून येतं. त्यातला ‘ताशी’ काढून टाकायला हवा, कारण तो नॉटच्या पोटातच आहे.

सागरी मैल हे अंतर आणि नॉट हा वेग. तासाला एक सागरी मैल कापला की तो एक नॉट.

आपल्या रस्त्यावरचा जुना मैल १६०९ मीटरचा. सागरी मैल १८५२ मीटरचा, आणि हा आकडा मनाला येईल तसा ठरवलेला नाही. अक्षांशाच्या एका अंशाचे ६० भाग केले तर त्यातला एक भाग, म्हणजे एक मिनिट, साधारण एवढाच भरतो. पृथ्वी ध्रुवांजवळ थोडी चपटी असल्याने हे माप जागोजागी किंचित बदलतं, म्हणून १९२९ साली मोनाकोच्या परिषदेत १८५२ मीटर पक्के झाले.

नॉटचा जन्म मात्र दोरीतून झाला. नॉट म्हणजे गाठच. लाकडाची फळी दोरीला बांधून जहाजाच्या मागे पाण्यात सोडायची. फळी जवळपास जागीच राहते, जहाज पुढे जातं आणि दोरी हातातून सुटत जाते. दोरीला दर ४७ फूट ३ इंचांवर गाठ. २८ सेकंदांचं वाळूचं घड्याळ रिकामं होईपर्यंत जितक्या गाठी सुटल्या, तितके नॉट वेग. गाठींचं अंतर आणि घड्याळ यांचा मेळच असा घातलेला, की खलाशाला भागाकार करावा लागू नये. मला हे फार सुंदर वाटतं.

आता हा दिवस समुद्रात का जातो ते पाहा. मुंबईचा अक्षांश १८ अंश ५५ मिनिटं, लक्षद्वीपच्या अगत्ती बेटाचा १० अंश ५१ मिनिटं. फरक ४८४ मिनिटांचा. वाट जवळजवळ सरळ दक्षिणेची, म्हणून अंतरही साधारण ४८५ सागरी मैल. १६ नॉटने, म्हणजे ताशी सुमारे ३० किलोमीटरने, तीस तास लागणार.

हा हिशोब तुम्हीही खुर्चीत बसून करू शकता. दुपारी १२ वाजता अक्षांश १३ अंश ५० मिनिटं असेल आणि चारला १२ अंश ४६ मिनिटं, तर ६४ मिनिटं उतरली: ६४ सागरी मैल, चार तास, १६ नॉट. रेखांशावर मात्र हे करू नका, ते ध्रुवांकडे जवळ येत जातात आणि त्यांचं मिनिट आखूड होतं. चार वाजता डावीकडे, क्षितिजापलीकडे, मंगळूर असेल.