गृह-वातानुकूलन यंत्रणेची देखभाल

घरातील हवा उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात उबदार राखणाऱ्या यंत्रणेची नियमित स्वच्छता, तपासणी आणि वेळच्या वेळी दुरुस्ती करण्याच्या कामाला गृह-वातानुकूलन यंत्रणेची देखभाल म्हणतात. भिंतीवरचा स्प्लिट एसी, खिडकीतला एसी, डक्टमधून सगळ्या घराला हवा पुरवणारी मध्यवर्ती यंत्रणा, हीट पंप, गॅसवर किंवा तेलावर चालणारी, घर तापवणारी भट्टी आणि गरम पाण्याचे रेडिएटर हे सर्व प्रकार तिच्या कक्षेत येतात.

एसी थंडावा तयार करत नाही. तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. बंद नळ्यांतून फिरणारे प्रशीतक, ज्याला बोलीभाषेत सरसकट ‘गॅस’ म्हणतात, आतल्या कॉइलमध्ये, म्हणजे नळ्यांच्या वेटोळ्यात, बाष्प होताना हवेतली उष्णता शोषून घेते, कंप्रेसर त्या बाष्पाचा दाब वाढवतो आणि बाहेरच्या कॉइलमध्ये ते पुन्हा द्रवरूप होताना ती उष्णता सोडते. हे चक्र सुरळीत चालायचे तर दोन्ही कॉइलवरून पुरेशी हवा वाहिली पाहिजे आणि नळ्यांतले प्रशीतक नेमक्या प्रमाणात राहिले पाहिजे. पहिली गोष्ट बरीचशी घरातल्या माणसांच्या हातात असते, दुसरी प्रशिक्षित तंत्रज्ञाच्या. आणि बहुतेक बिघाडांचे मूळ यांपैकी एकीत सापडते.

हवेच्या वाटेतला पहिला अडथळा म्हणजे फिल्टर. वापर जास्त असेल त्या काळात तो महिन्यातून एकदा तरी काढून पाहावा. उजेडासमोर धरल्यावर जाळीतून पलीकडचा प्रकाश दिसत नसेल, तर तो धुण्याची किंवा बदलण्याची वेळ झालेली असते. धुता येणारी जाळी साध्या पाण्याने धुवून, सावलीत पूर्ण वाळवून मगच बसवावी. ओलसर जाळीवर धूळ लगेच चिकटते आणि बुरशीही धरते. कागदी फिल्टर मात्र धुऊ नये, तो बदलावाच लागतो. डक्टच्या यंत्रणेत अधिक बारीक फिल्टर बसवला म्हणजे हवा अधिक शुद्ध होईल, हा समज अर्धाच खरा आहे. फिल्टरची पकड दाखवणाऱ्या ‘मर्व्ह’ या श्रेणीत १३ किंवा त्याहून वरचा फिल्टर सूक्ष्म कणही अडवतो, परंतु हवा ढकलणारा पंखा, म्हणजे ब्लोअर, तेवढ्या ताकदीचा नसेल तर हवेचा प्रवाह घटतो आणि फायद्यापेक्षा तोटाच अधिक होतो.

प्रवाह घटल्याचा परिणाम डोळ्यांना दिसतो. कॉइलला पुरेशी उबदार हवा मिळाली नाही की तिचे तापमान शून्य अंश सेल्सिअसखाली जाते, हवेतली वाफ तिच्यावर गोठते, त्या बर्फाने उरलेली वाटही अडते आणि तांब्याच्या जाड नळीवर पांढरा थर चढू लागतो. अशा वेळी कूलिंग बंद करून केवळ पंखा चालू ठेवावा आणि बर्फ आपोआप वितळू द्यावा. तो टोकदार वस्तूने खरवडणे धोक्याचे आहे, कारण कॉइलच्या नळ्या आणि त्यांवरचे ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे सहज फाटतात. बर्फ प्रशीतक कमी झाल्यामुळेही धरतो, म्हणून फिल्टर स्वच्छ असूनही तो पुन्हा दिसला तर तंत्रज्ञाला बोलावणेच योग्य.

बाहेरच्या युनिटभोवती साधारण ६० सेंटिमीटर जागा मोकळी असावी. त्यावर कपडे वाळत घालणे किंवा त्याला कुंड्या खेटून ठेवणे टाळावे. त्याची कॉइल धुण्याआधी वीजपुरवठा मुख्य स्विचपासून तोडावा आणि पाण्याची धार सौम्य ठेवावी, कारण जोरदार फवाऱ्याने पत्रे आडवे होतात. युनिटचे झाकण उघडून आतल्या वीजजोडणीला हात लावणे मात्र घरातल्या माणसाने टाळावे. पुरवठा बंद केल्यानंतरही कपॅसिटरमध्ये विद्युतभार साठून राहतो आणि त्याचा जबर झटका बसू शकतो.

विलिस कॅरियर यांनी १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यासाठी आधुनिक वातानुकूलनाची यंत्रणा आखली, ती माणसांच्या सुखासाठी नव्हे, तर दमट हवेने कागद आक्रसू-प्रसरू नये म्हणून. हवेतला ओलावा काढणे हे एसीचे आजही तितकेच महत्त्वाचे काम आहे आणि काढलेले पाणी वाहून नेणे हा देखभालीचा दुर्लक्षित भाग. ड्रेन पाइपमध्ये धूळ आणि शेवाळ यांचा चिकट गाळ साचला की पाणी तुंबून इनडोअर युनिटमधून भिंतीवर ओघळते. पाइपला बाहेरच्या दिशेने सलग उतार हवा. मध्ये कुठे झोळ पडला तर गाळ तिथेच बसतो.

प्रशीतकाबाबतचा सर्वांत महागडा गैरसमज म्हणजे ‘दरवर्षी गॅस भरावा लागतो’. प्रशीतक इंधनासारखे खर्च होत नाही. नळ्या अभंग असतील तर ते वर्षानुवर्षे तेवढेच राहते. कमी झाले असेल तर कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता वरचेवर गॅस भरून घेणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे. योग्य पद्धतीत नळ्यांमध्ये नायट्रोजन दाबाने भरून आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावून गळती शोधतात, सांधा दुरुस्त करतात, व्हॅक्यूम पंपाने आतली हवा व ओलावा काढून टाकतात आणि मग उत्पादकाने ठरवलेल्या वजनाइतकेच प्रशीतक भरतात. आत राहिलेल्या ओलाव्यामुळे कंप्रेसरच्या तेलात आम्ल तयार होऊन कंप्रेसर निकामी होऊ शकतो, त्यामुळे व्हॅक्यूमची पायरी वगळू देऊ नये.

प्रशीतक हवेत सोडून देणे पर्यावरणालाही घातक आहे. ओझोन थराला बाधक असलेले आर-२२ हे प्रशीतक १९८७ च्या माँट्रियल करारानुसार टप्प्याटप्प्याने वापरातून जात आहे. त्याच्या जागी आलेले आर-४१०ए ओझोनला धक्का लावत नाही, पण १०० वर्षांच्या हिशेबात त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,००० पट आहे. अशा वायूंचा वापर घटवण्यासाठी २०१६ मध्ये त्या कराराला किगाली दुरुस्ती जोडली गेली. आर-३२ या आणखी एका प्रशीतकाची ही क्षमता सुमारे ६७५ पट, म्हणजे बरीच कमी असली, तरी ते सौम्य ज्वलनशील आहे. एका प्रशीतकासाठी बनवलेल्या यंत्रात दुसरे भरू नये.

हीट पंपात हेच चक्र हिवाळ्यात उलट फिरते, म्हणून बाहेरच्या कॉइलवर हिम धरणे आणि यंत्राने ते अधूनमधून वितळवणे स्वाभाविक असते. त्या वेळी उठणारी वाफ धूर समजून घाबरण्याचे कारण नाही. हिम तासन्‌तास तसेच राहिले तर मात्र तपासणी करावी. रेडिएटर वरच्या बाजूला गार लागत असेल तर आत हवा अडकलेली असते आणि ती झडपेतून सोडता येते. खालची बाजू गार असेल तर तळाशी गाळ साचलेला असण्याची शक्यता अधिक.

इंधनावर चालणाऱ्या भट्टीची तपासणी थंडी सुरू होण्यापूर्वी दरवर्षी करून घ्यावी, कारण इथे प्रश्न जिवाचा आहे. ज्वलनाचे वायू वेगळे ठेवून त्यांची उष्णता घरातल्या हवेला देणाऱ्या उष्णता-विनिमयकाला चीर गेली किंवा धुराडे तुंबले, तर कार्बन मोनॉक्साइड घरात शिरतो. त्याला रंग नाही, वासही नाही. गॅसची ज्योत निळी आणि स्थिर असावी. ती पिवळी पडून फडफडू लागली तर ज्वलन अपुरे होत असल्याची ती खूण असते. पण ज्योत निळी आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही. झोपण्याच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे उपकरण असावेच, आणि त्याच्या संवेदकाचे आयुष्य मर्यादित असल्याने उपकरणावर छापलेली मुदत संपताच ते बदलावे. ते वाजल्यास घरातल्या सर्वांनी प्रथम मोकळ्या हवेत जावे, मदत तिथून बोलवावी आणि यंत्रणा तपासून होईपर्यंत पुन्हा सुरू करू नये.