दुधाचा क्रम (ब्रिटिश चहापानातील)

चहा पिताना कपात दूध आधी घालावे की चहा, याविषयी ब्रिटनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला मतभेद. चहा व दूध निरनिराळ्या भांड्यांतून कपात येतात तेथेच हा प्रश्न पडतो. मराठी घरात पाणी, साखर, पत्ती व दूध एकाच पातेल्यात उकळत असल्यामुळे तो सहसा उद्भवत नाही. जुन्या क्लबांत व हॉटेलांत ट्रेमधून किटली, दूध आणि साखर वेगवेगळी येते, तेथे तो आपल्याकडेही पडू शकतो. पण त्यावरून कोणी कोणाचे घराणे जोखत नाही. ब्रिटनमध्ये ते जोखले जात असे.

चहा इंग्लंडात सतराव्या शतकाच्या मध्यास आला. सॅम्युएल पीप्सने २५ सप्टेंबर १६६० रोजी चहाचा पेला मागवल्याचे आपल्या रोजनिशीत नोंदवले आहे. दुसऱ्या चार्ल्सची पोर्तुगीज राणी कॅथरीन ऑफ ब्रगँझा हिने चहा इंग्लंडात आणला असे अनेकदा लिहिले जाते. तिचा विवाह १६६२ मधला, म्हणजे पीप्सच्या नोंदीनंतरचा. तेव्हा तिने तो आणला असे म्हणण्यापेक्षा दरबारात रुजवला असे म्हणणे सयुक्तिक. (मुंबई इंग्रजांकडे आली ती याच विवाहातील आंदण म्हणून.) सुरुवातीचा चहा चिनी असे आणि तो बहुधा दुधाविना घेत. दुधाची प्रथा सतराव्या शतकाच्या अखेरीपासून हळूहळू पसरली असावी. १७८४ च्या कायद्याने चहावरील सुमारे ११९ टक्के कर १२.५ टक्क्यांवर आला, आणि पुढे चहा गरिबांच्या घरातही पोहोचला.

दूध आधी घालण्याचे सर्वपरिचित कारण कपाच्या मातीशी जोडले जाते. चेल्सी व बो येथील कारखान्यांत १७४० च्या दशकात होऊ लागलेली इंग्रजी चिनी माती मऊ बनावटीची होती. अस्सल चिनी पोर्सलीनइतका ताप तिला सोसत नसे. गरम द्रव पडताच कपाची आतली बाजू प्रसरण पावते, बाहेरची थंड राहते, आणि या ताणाने भांडे तडकते. तळाशी गार दूध असेल तर हा धक्का सौम्य होतो. हाडांची राख मिसळलेली ‘बोन चायना’ जोसाया स्पोड व त्याच्या मुलाने अठराव्या शतकाच्या अखेरीस प्रचारात आणली, तेव्हा ही अडचण बरीचशी संपली. मात्र या उपपत्तीत एक खोट आहे. चहादाणीही पुष्कळदा त्याच मातीची असे आणि तिच्यात तर उकळते पाणी थेट ओतावे लागे. त्यासाठी ती आधी ऊन पाण्याने विसळून घेत. कपही तसाच विसळता आला असता. त्यामुळे कप तडकण्याची गोष्ट प्रथेचे मूळ असण्यापेक्षा प्रथेला मागाहून दिलेले समर्थन असणे अधिक संभवते. तिच्यातूनच दुसरी समजूत निघाली : ज्याच्याकडे उत्तम भांडी तो निर्धास्तपणे चहा आधी ओतणार, साध्या भांड्यांचा धनी दूध आधी घालणार. विसाव्या शतकाच्या मध्यास ‘मिल्क इन फर्स्ट’ या शब्दांचे ‘एमआयएफ’ हे आद्याक्षरी रूप उच्चभ्रू मंडळींत हेटाळणीचा शब्द म्हणून चालत होते.

या वादाचे सर्वांत टिकाऊ फलित संख्याशास्त्रात आढळते. हार्टफर्डशरमधील रॉथमस्टेड कृषिसंशोधन केंद्रात १९२० च्या दशकाच्या सुरुवातीस संख्याशास्त्रज्ञ रॉनल्ड फिशर याने शैवालतज्ज्ञ म्यूरिएल ब्रिस्टल हिच्यापुढे चहाचा कप धरला. आपल्याला दूध आधी घातलेला चहा आवडतो असे सांगून तिने तो नाकारला. त्याने काय फरक पडतो, असे फिशर म्हणाला. शेजारी असलेल्या विल्यम रोच या रसायनज्ञाने परीक्षाच घेण्याचे सुचवले. (रोच व ब्रिस्टल यांचा पुढे विवाह झाला.) फिशरने १९३५ च्या ग्रंथात या प्रसंगाचे जे रूप मांडले त्यात आठ कप आहेत : चार दूध आधी, चार चहा आधी, क्रम यदृच्छेने ठरवलेला. चव घेणारीला चारचार असल्याचे ठाऊक असते. आठांतून चार कप निवडण्याचे ७० प्रकार होतात, त्यांपैकी एकच पूर्ण बरोबर. म्हणजे निव्वळ अंदाजाने सगळे कप ओळखण्याची संभाव्यता १/७०, सुमारे १.४ टक्के. चारांपैकी तीन बरोबर निवडण्याचे प्रकार मात्र १६ आहेत. तीन किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता त्यामुळे १७/७०, जवळजवळ २४ टक्के होते, आणि एक चूक झाली तरी दावा सिद्ध झाला असे म्हणता येत नाही. ‘शून्य परिकल्पना’ (फरक ओळखता येत नाही, सारे अंदाजानेच, असे चाचणीपुरते धरलेले गृहीतक) ही संज्ञा याच विवेचनात रूढ झाली. राहुरी किंवा अकोल्याच्या कृषी विद्यापीठात वाणांच्या चाचणीसाठी वाफे यदृच्छेने वाटून देतात, त्यामागचा विचार कपांचा क्रम यदृच्छेने ठरवण्यामागचाच.

प्रत्यक्ष निकाल काय लागला ते फिशरने ग्रंथात दिलेले नाही. बाईंचे नावही नाही. फिशरच्या कन्येने लिहिलेल्या चरित्रात रोचच्या हवाल्याने, आपले म्हणणे खरे ठरण्याइतके कप तिने ओळखले, असे मोघम विधान आहे. आठही कप अचूक ओळखले ही अधिक प्रसिद्ध हकीकत बऱ्याच नंतर छापली गेली. पहिले विधान मोघम असले तरी प्रसंगाला जवळचे, म्हणून ते अधिक ग्राह्य वाटते.

लेखक जॉर्ज ऑर्वेलने १२ जानेवारी १९४६ च्या ‘ईव्हनिंग स्टँडर्ड’ या वृत्तपत्रात चहाचे ११ नियम दिले, त्यांत चहा आधी ओतावा, म्हणजे ढवळत ढवळत दूध बेताने घालता येते, असा युक्तिवाद आहे. तेव्हा चहा शिधापत्रिकेवर होता (१९४० ते १९५२). ऑर्वेलच्या जन्मशताब्दीला, २००३ मध्ये, रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने उलट कौल दिला : ७५ अंश सेल्सियसच्या वर दुधातील प्रथिनांचे स्वरूप बिघडते, म्हणून दूध आधी. येथे थोडे गणित उपयोगी पडते. ८५ अंशांचा १५० मिलि. चहा आणि ५ अंशांचे २५ मिलि. दूध एकत्र केले, तर क्रम कोणताही असो, मिश्रण सुमारे ७४ अंशांवर येते. फरक पडतो तो पहिल्या काही क्षणांत. गरम चहात पडणारे दुधाचे पहिले थेंब जवळजवळ ८५ अंशांना जातात. तळाशी साचलेले दूध मात्र सावकाश तापते. १९८० च्या आंतरराष्ट्रीय मानक ३१०३ मध्ये १०० मिलि. पाण्यास २ ग्रॅम पत्ती आणि ६ मिनिटे मुरवण सांगितली असून, दूध मागाहून घातल्यास द्रव ६५ ते ८० अंशांवर असावा असे म्हटले आहे. हे मानक चवपरीक्षकांना नमुन्यांची तुलना करता यावी म्हणून आहे. ते उत्तम चहाची कृती समजून उद्धृत करणे चूक. त्याच विषयावरील सहा पानी ब्रिटिश मानकाला १९९९ चे इग् नोबेल (नोबेलचे विनोदी विडंबन असलेले) पारितोषिक मिळाले.

टेटलेने १९५३ मध्ये ब्रिटनमध्ये चहाची पुडी आणली आणि पुढे ती सर्वत्र झाल्यावर वाद बराच निवला. मगात पुडी, वर उकळते पाणी, मग दूध, हा क्रम सोयीनेच ठरला. गार दुधात पुडी बुडवून वर पाणी ओतले तर चहा नीट उतरत नाही, आणि कचेरीत सर्वांसाठी चहा करण्याची पाळी असलेला सहकारी असे करताना दिसला की कुरकुर होते. चहादाणीतून ओतणाऱ्याला, मग तो पुरुष का असेना, ‘आई’ म्हणण्याची रीत अजून ऐकू येते. आगगाडीत दुधाची अंगठ्याएवढी प्लास्टिकची डबी मिळते; तिचा चंदेरी पापुद्रा सोलताना पहिला थेंब बहुधा बाहीवरच उडतो, म्हणजे तेथे दूध सर्वांत आधी शर्टाला.

याच जातीचा दुसरा वाद चहाबरोबरच्या स्कोनचा (लहान मऊ पावाचा) : डेव्हनमध्ये साय आधी व वर जॅम, कॉर्नवॉलमध्ये जॅम आधी व वर साय.